सत्त्याण्णव आणि एकोणतीस

केतकीला सत्त्याण्णव गुण मिळाले आणि परागला एकोणतीस.

इमिग्रेशनच्या कचेरीतल्या त्या लहानशा खोलीत मुलाखत घेणाऱ्या हॉलंडबाईंनी दोन्ही आकडे मोठ्यानं वाचले, आणि वाचण्यात चूक तर झाली नाही ना हे बघायला पडदा पुन्हा स्वतःकडे वळवला. पन्नाशीच्या बाई. अर्ध्या तासापूर्वीपर्यंत अगदी मोकळेपणानं बोलत होत्या. घरात आधी कोण उठतं, केतकी पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपते, सासूबाईंचं माहेरचं नाव काय, असे जुन्या पठडीतले प्रश्न विचारून झाले होते. लग्नाचे फोटो मात्र त्यांनी नुसते चाळून परत दिले होते. फोटोंना आता कोणी विचारत नव्हतं.

"दोघांनाही साठच्या वर लागतात. ठाऊक आहे ना तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"मशीन बिघडलं असेल," पराग म्हणाला.

"सकाळपासून सात जोडपी झाली या मशीनवर. मिस्टर निमकर, पूर्ण परक्या माणसाचं बोलणं ऐकताना साधारण पंचवीस गुण पडतात. तुम्हाला स्वतःच्या बायकोचं ऐकताना एकोणतीस पडलेत."

ही चाचणी सुरू होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्याआधी लग्न खरं की नुसतं दाखवण्यापुरतं, हे कागदांवरून ठरत असे. बँकेतलं एकत्र खातं, घराचा करार, सहलीचे फोटो, एकमेकांना पाठवलेले निरोप. मग असे दिवस आले, की दहा वर्षांच्या संसाराचा सगळा पुरावा, सासूसासऱ्यांसकट आणि वाढदिवसांच्या केकसकट, संगणक एका दुपारीत तयार करून देऊ लागला. कागदांवर भरवसा ठेवणं अशक्य झालं. तेव्हा पुरावा थेट माणसाच्या डोक्यात शोधायचं ठरलं.

त्यामागचं विज्ञान तसं जुनंच होतं. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत आपला मेंदू थांबत नाही. पुढचा शब्द काय येणार याचा अंदाज तो आधीच बांधून ठेवतो. 'मी चहात साखर' इथपर्यंत ऐकलं, की 'घातली' मेंदूत तयार असतं. अंदाज बरोबर आला तर सगळं शांत. पण 'मी चहात छत्री' असं ऐकू आलं, तर साधारण चारशे मिलिसेकंदांनी, म्हणजे पापणी मिटून उघडायला लागतो जेमतेम तेवढ्या वेळात, मेंदूत विजेची एक सूक्ष्म लाट उठते. शब्द जितका अनपेक्षित तितकी लाट मोठी. नवीन होतं ते एवढंच, की ही लाट आता सायकलस्वाराच्या शिरस्त्राणासारख्या एका टोपीतून शब्दाशब्दाला मोजता येत होती. आणि दुसरं असं दिसून आलं होतं, की एकत्र राहणाऱ्या माणसांचे एकमेकांबद्दलचे अंदाज इतरांपेक्षा वेगळे असतात. नवरा 'मी चहात' म्हणाला, की त्याच्याच बायकोच्या मेंदूत 'आलं' तयार असतं, कारण त्याला साखर चालत नाही हे तिच्या मेंदूला पाठ असतं.

म्हणून एकानं शेजारच्या खोलीत बसून दहा साध्या विषयांवर आपल्या भाषेत बोलायचं, दुसऱ्यानं टोपी घालून ऐकायचं, मग अदलाबदल. तुलनेसाठी त्याच भाषेतला एक परका आवाज ऐकवायचा. मशीनला मराठी यायची गरज नव्हती. त्याला फक्त लाटा दिसत होत्या. लाटा जितक्या कमी, तितके गुण जास्त. उत्तरं घोकता येतात, लाट घोकता येत नाही, असं सरकारचं म्हणणं होतं.

केतकीला हे कोणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. मिरजेच्या एका इस्पितळात ती सात वर्षं वाचोपचार करत होती. पक्षाघातानं वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवणं हे तिचं काम होतं. म्हणूनच आपले सत्त्याण्णव कुठून आले हेही तिला ठाऊक होतं.

दोघांचंही हे दुसरं लग्न. केतकीचा पहिला नवरा डेंग्यूनं गेला तेव्हा मुलगी, जुई, तीन वर्षांची होती. पराग मूळचा नाशिकचा, शिकायला म्हणून अमेरिकेत आला आणि तिथलाच नागरिक झाला. त्याचा घटस्फोट झाला होता. लग्न ठरवताना त्यानं जुईला आपली म्हणायचं कबूल केलं होतं आणि कागदही तसे केले होते. आईचं ग्रीन कार्ड झालं, की त्याला जोडलेला मुलीचा अर्ज पुढे सरकणार होता. तोवर आठ वर्षांची जुई मिरजेत, केतकीच्या दादा-वहिनीकडे.

पराग वाईट माणूस आहे असं कोणी म्हटलं नसतं. त्यानं कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. एखादी गोष्ट मनाविरुद्ध झाली, की तो बोलणं बंद करायचा. दोन दिवस, चार दिवस, एकदा अकरा दिवस. त्या परक्या गावात केतकीला नोकरीची परवानगी नव्हती, ओळखीचं माणूस नव्हतं. बोलायला होता तो पराग, आणि तो तिच्याकडे ती भिंत असल्यासारखा बघायचा. त्या अकरा दिवसांनंतर केतकी शिकली. दाराला किल्ली लावल्याच्या आवाजावरून त्याचा दिवस कसा गेला हे तिला कळायचं. "ऑफिसमध्ये" या शब्दावर तो किती जोर देतो यावरून पुढचं वाक्य कळायचं. चौदा महिन्यांत तिनं त्याचा एक शब्दही कानाआड जाऊ दिला नव्हता. मशीननं तेवढंच मोजलं होतं.

हॉलंडबाईंनी परागला बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं.

"हे आकडे मला आवडले नाहीत," त्या केतकीला म्हणाल्या. "बायकोला नवरा तोंडपाठ, आणि नवऱ्याला बायको कोण हे ठाऊक नाही. नागरिक माणसाला काहीतरी देऊन केलेली लग्नं अशीच दिसतात. तुम्हाला यांच्याबद्दल कोणी शिकवून पाठवलं का?"

"नाही."

"मग हे सत्त्याण्णव कसे? माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. मला ऐंशीच्या पुढे जाता आलं नाही."

केतकीला खरं सांगता आलं असतं. पण खरं सांगून जुईचा अर्ज पुढे जाणार होता की मागे, हे तिला कळेना.

"मी लक्ष देऊन ऐकते," ती म्हणाली.

हॉलंडबाईंनी नव्वद दिवसांनी फेरचाचणी लिहून दिली.

गाडीत पराग म्हणाला, "तू बोलताना भरकटतेस. रोजचा स्वयंपाक हा विषय होता. तू कुठल्यातरी पुलावर गेलीस."

"अंकलीच्या पुलाजवळ वांगी घ्यायचो आम्ही. तेच सांगत होते."

"आता वांग्यावरून पूल येणार हे कोणाला कळणार?"

पुढच्याच आठवड्यात तो तिला घेऊन वीणा पैंकडे गेला. वीणाताई कारवारच्या, मराठी उत्तम बोलणाऱ्या. पूर्वी त्या शाळेत शिकवायच्या, आता अशा जोडप्यांची तयारी करून घ्यायच्या. त्यांच्या तळघरात सरावापुरतं एक जुनं मशीन होतं. त्यांनी परागला सांगितलं, "रोज एक तास तिनं बोलायचं आणि तुम्ही ऐकायचं. फोन दुसऱ्या खोलीत. मध्ये बोलायचं नाही."

पराग शिस्तीचा माणूस. संध्याकाळी साडेसहा वाजले, की तो सोफ्यावर वही घेऊन बसायचा. पहिले दोन दिवस केतकी अडखळली. तिसऱ्या दिवशी तिनं त्याला मानेकाकांची गोष्ट सांगितली. मानेकाका एसटीचे निवृत्त कंडक्टर. पक्षाघातानं त्यांची वाचा गेली होती. बायकोचं नाव घेता येत नव्हतं, पाणी मागता येत नव्हतं. एकदा केतकीनं सहज "मिरज" म्हटलं, आणि त्यांच्या तोंडून धडाधडा सगळे थांबे बाहेर पडले. अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले, पार कोल्हापूरपर्यंत. तीस वर्षं रोज म्हटलेले शब्द मेंदूच्या दुसऱ्या कोपऱ्यात सुखरूप राहिले होते. मग केतकीनं त्या थांब्यांवरच एकेक माणूस चढवला. जयसिंगपूरला कोण चढलं? काकू चढल्या. काकूंचं नाव काय?

"मग?" परागनं विचारलं. "सांगितलं त्यांनी नाव?"

"सात आठवड्यांनी. आणि काकू एवढ्या रडल्या, की त्यांना बघून काका नाव परत विसरले."

पराग हसला. वही बाजूला ठेवून हसला. त्या संध्याकाळी केतकीनं भाजी फोडणीला टाकता टाकता कितीतरी दिवसांनी काहीतरी गुणगुणलं. पुढचे दहा-बारा दिवस तसेच गेले. तिनं त्याला पहिल्या नवऱ्याबद्दलही सांगितलं. इस्पितळातली शेवटची रात्र, आणि त्यानंतर महिनाभर घरात डासांची अगरबत्ती लावायची तिला वाटलेली लाज. पराग ऐकत होता. लग्न झालंय ते याच माणसाशी, असं तिला पहिल्यांदा वाटलं.

तीन आठवड्यांनी वीणाताईंच्या तळघरात सरावाची चाचणी झाली. परागला एकतीस पडले.

"रोज एक तास ऐकलंय मी! न चुकता!" तो म्हणाला.

"तिथंच तर घोळ आहे," वीणाताई म्हणाल्या. "ती मोकळी होत चाललीय. आजवर बोलली नव्हती ते बोलतेय. तुम्हाला प्रत्येक वाक्य नवीन. लाटा उठणारच." "दोन रस्ते आहेत. एक म्हणजे असंच ऐकत राहायचं. होतं हळूहळू. पाच-सहा वर्षांत छान होतं."

"आणि दुसरा?" परागनं विचारलं.

वीणाताईंनी उत्तर दिलं ते केतकीला, पण तिच्याकडे न बघता. "यांना तुम्हाला ओळखायला वेळ लागणार असेल, तर ओळखण्यासारखं कमी ठेवायचं. कुठलाही विषय येवो, तीन वाक्यं. काय आहे, कसं आहे, छान आहे. शब्द ठरलेले, क्रम ठरलेला. आठवणी नाहीत, गावाकडचं नाही. पण हे चाचणीपुरतं करून चालत नाही. घरीसुद्धा दिवसभर तसंच बोलावं लागतं, तरच यांच्या मेंदूला सवय होते."

"हे तर सोपं आहे," पराग म्हणाला.

"बासष्ट दिवसांचा प्रश्न आहे," जिना चढताना वीणाताई केतकीला हळूच म्हणाल्या. "मुलगी यायचीय ना तुमची? करून टाका."

केतकीनं केलं. सकाळी "आज हवा कशी आहे" असं परागनं विचारलं, की ती सांगायची, "बाहेर थंडी आहे. कालच्यासारखीच आहे. छान आहे." खिडकीबाहेर चेरीच्या झाडावर बर्फ असा साठला होता, की तिला जुईच्या शाळेच्या गणवेशाची इस्त्री आठवली होती. ते तिनं गिळलं. सुरुवातीला गिळावं लागायचं. एखादा वेगळा शब्द निसटला, की पराग बोट वर करायचा, आणि ती वाक्य पुन्हा म्हणायची. तो चिडत नव्हता. उलट इतक्या चांगल्या मनःस्थितीत तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. तिच्या बोलण्यात आता त्याला न आवडणारं काही येतच नव्हतं. त्या दोन महिन्यांत तो एकदाही अबोला धरून बसला नाही.

सरावात बेचाळीस पडले. मग पंचावन्न. मग त्रेसष्ट.

सकाळी ती जुईशी फोनवर बोलायची. तिथे संध्याकाळ असायची. पराग समोर कॉफी पीत बसलेला असायचा. एकदा जुईनं विचारलं, "आई, तुझ्याकडे ससे येतात ना अंगणात? आज काय केलं त्यांनी?"

"ससे आले होते. दोन होते. छान होते."

जुई म्हणाली, "हे तू कालपण म्हणालीस."

फोन ठेवल्यावर केतकी ओट्यापाशी उभी राहिली आणि सशांनी खरंच काय केलं होतं ते आठवू लागली. आठवेना. तिनं सकाळी त्यांच्याकडे पाहिलं होतं, पण ते सांगायचंच नव्हतं, म्हणून नीट पाहिलंच नव्हतं. न वापरलेल्या वाटांचं मेंदूत काय होतं हे तिनं नातेवाइकांना कितीदा समजावून सांगितलं होतं. पण अजून सव्वीस दिवस होते, आणि जुईच्या खोलीसाठी पडदे शिवून झाले होते.

फेरचाचणीत केतकीला पुन्हा सत्त्याण्णव पडले. परागला चौऱ्याहत्तर.

"बरीच मेहनत घेतलीत," हॉलंडबाई परागला म्हणाल्या. त्याचा चेहरा उजळला. मग त्यांनी त्याला बाहेर पाठवून दार लावलं आणि केतकीच्या शेजारच्याच खुर्चीत येऊन बसल्या.

"हे विचारणं माझ्या कामात बसत नाही. चाचणीच्या वेळी मी तुमचं बोलणं नुसतं ऐकलं. मला भाषा कळत नाही, पण सूर कळतो. मागच्या वेळी तुम्ही मध्येच हसला होतात. या वेळी दहाही विषय एकाच सुरात. घरी सगळं ठीक आहे?"

केतकीनं तोंड उघडलं. सांगायला काहीतरी होतं आणि ते मोठं होतं. बाहेरच्या बाकावर पराग होता. मिरजेत जुईची बॅग भरून तयार होती.

"घर आहे," ती म्हणाली. "नेहमीसारखं आहे. छान आहे."

हॉलंडबाईंनी उत्तर लिहून घेतलं, खाली तिची सही घेतली आणि अर्ज मंजूर केला. कार्ड दोन वर्षांचं होतं. दोन वर्षांनी पुन्हा चाचणी, आणि तेव्हा घरातलं दहा वर्षांचं मूलही टोपी घालणार. मग कायमचं.

जूनमध्ये जुई आली. विमानतळापासून घरापर्यंत तिचं तोंड बंद नव्हतं. इथे गाड्या उलट्या बाजूनं का जातात? परागकाका, तुम्हाला चतकोर म्हणजे काय माहितीय? विमानात एक बाई झोपेत गात होती, तेलुगूत असेल नाहीतर कन्नडमध्ये. पराग आरशातून तिच्याकडे बघून हसत होता. केतकी मागच्या सीटवर तिचा हात धरून बसली होती, आणि लेकीला काय उत्तर द्यावं हे तिला सुचत नव्हतं.

"प्रवास झाला. लांबचा होता," ती म्हणाली, आणि तिसरं वाक्य तोंडात आलेलं तिनं ओठ मिटून अडवलं.

पहिला महिना बरा गेला. मग एका रविवारी जेवताना जुईनं विचारलं, "परागकाका, तुमच्या आधीच्या बायकोचे फोटो कुठे आहेत? आईनं माझ्या बाबांचे जपून ठेवलेत."

परागनं चमचा खाली ठेवला. तो काही बोलला नाही. सोमवारी बोलला नाही, मंगळवारी बोलला नाही. जुई "गुड मॉर्निंग काका" म्हणायची आणि तो तिच्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघायचा. बुधवारी जुईनं आईला विचारलं, "मी दिसत नाही का त्यांना?"

शनिवारी परागला बोलणं सुचलं. तो केतकीला म्हणाला, "पुढच्या चाचणीला ही दहा वर्षांची असेल. तिचा आकडा आपल्यात धरणार. कधी काय बोलेल याचा नेम नाही. तिलाही आत्तापासून सवय लाव. तू केलंस ना, तसंच. लहान आहे, पटकन शिकेल."

"नाही," केतकी म्हणाली.

"काय नाही?"

"तिला मी ते शिकवणार नाही. ती बोलेल जे बोलायचं ते. तू ऐक. मानेकाकांचं ऐकलं होतंस तसं ऐक. येतं तुला ते, पराग, मी पाहिलंय."

हे बोलणं त्याच्या कुठल्याच अंदाजात नव्हतं. तो क्षणभर खरोखर गोंधळलेला दिसला. मग त्याचा जबडा आवळला आणि केतकीला पुढचे सहा दिवस कसे जाणार ते कळलं. ते तसेच गेले.

आठव्या दिवशी तिघं जेवायला बसली होती. पराग थोडं थोडं बोलू लागला होता. जुई म्हणाली, "काका, इथल्या खारी शेपटी..." आणि थांबली. तिनं फक्त एकदा त्याच्याकडे पाहिलं होतं. त्याच्या कपाळावर आठी आलीही नव्हती, यायची होती. जुई ताटाकडे बघून म्हणाली, "भाजी आहे. बटाट्याची आहे. छान आहे."

पराग खूश झाला. "बघ! शिकवायचीसुद्धा गरज पडली नाही."

केतकी जेवण टाकून उठली नाही. ताटातलं संपवलं, भांडी घासली, मग जुईच्या खोलीत जाऊन तिच्या शेजारी बसली.

"खारींचं काय विचारणार होतीस?"

"काका कुठे आहेत?" जुईनं हळू आवाजात विचारलं.

"खाली आहेत. सांग मला."

"काही नाही. ते चिडणार होते. मला आधीच कळलं." ती जरा अभिमानानं म्हणाली, "आता मला नेहमी आधीच कळतं, आई."

दुसऱ्या दिवशी जुईला शेजारणीकडे सोडून केतकी दोन बस बदलून इमिग्रेशनच्या कचेरीत गेली. हॉलंडबाईंना भेटायला तिला तीन तास थांबावं लागलं.

"नवऱ्याशिवाय अर्ज चालू ठेवता येतो," सगळं ऐकून त्या म्हणाल्या. "तशी सोय कायद्यात आहे. पण छळाचा पुरावा लागतो. पोलिसांत नोंद, डॉक्टरचा दाखला."

"त्यानं मला बोटही लावलेलं नाही."

"मग?"

"तो बोलत नाही. आणि तो कधी बोलायचा थांबेल या भीतीनं मी बोलत नाही. आता मुलगीही." केतकीला इंग्रजीत आणि मराठीतही शब्द जुळवायला वेळ लागत होता. "माझे सत्त्याण्णव भीतीचे आहेत. तुमच्या मशीनला कळत नाही?"

"अंदाज बरोबर आला, एवढंच मशीन सांगतं. माणूस प्रेमानं लक्ष देत होता की धास्तीनं, लाट दोन्हीकडे सारखीच." हॉलंडबाईंनी फाइल उघडली आणि तिच्यापुढे सरकवली. त्यांचा आवाज कठोर नव्हता. "शिवाय मी तुम्हाला एकटीला विचारलं होतं, मिसेस निमकर. तुमचं उत्तर हे इथे आहे. खाली तुमची सही आहे. यापुढे तुम्ही वेगळं काही म्हणालात, तर कोणतं खरं मानायचं, असं मला विचारलं जाईल."

केतकीनं ते उत्तर वाचलं. तीन वाक्यं होती.

तिनं परतायचं ठरवलं तेव्हा पराग भांडला नाही. "मग जा," एवढंच म्हणाला, आणि गप्प झाला. विमानतळावर त्यानं बॅगा उतरवून दिल्या. केतकीला वाटलं तो तसाच गाडीत बसेल. पण तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "जुईला खिडकीची जागा घेतलीय." जवळजवळ दोन वर्षांत हे एकच वाक्य असेल, जे तिला आधी कळलं नव्हतं.

मिरजेत इस्पितळानं तिची जागा केव्हाच भरली होती. केतकीनं दादाच्या घरातली पुढची खोली मागून घेतली आणि तिथे रुग्ण बघायला सुरुवात केली. पहिले काही आठवडे रुग्णांपेक्षा तिलाच शब्द शोधावे लागत. दिवाळीच्या सुमारास सरकारी पत्र आलं. मुलगी देशात आल्यावर दोन महिन्यांच्या आत घर सोडल्यावरून, हे लग्न केवळ स्थलांतरासाठी केलेलं होतं असा निष्कर्ष काढण्यात येत आहे. अर्जदाराचा यापुढील कोणताही अर्ज विचारात घेतला जाणार नाही. परागनं त्याच आशयाचा जबाब दिला होता. त्याला तसंच वाटत असावं.

दादा चिडला. "उलट उत्तर लिहू आपण. खोटं कसं होतं लग्न? तू जवळजवळ दोन वर्षं राहिलीस तिथे!"

"काय लिहिणार, दादा?" केतकी म्हणाली.

वहिनीनं पत्र उचलून कपाटात ठेवलं आणि पानं वाढली. दादानं विषय बदलायला म्हणून जुईच्या ताटात शेव टाकली आणि शाळेत आज काय झालं ते विचारलं.

"मामा, आज ना आमच्या बाई..." जुई म्हणाली, आणि थांबली. घास हातात तसाच धरून ती मामाचा चेहरा बघत राहिली.

मामा हसत होता. तरी ती थांबली होती.